एकसष्टच्या पोटातली दहा आकडी संख्या

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली. त्यात पुरुष १३,४९,१०६ आणि स्त्रिया १२,३५,९४३. गावे, तालुके, माणसे क्षणभर बाजूला ठेवून या आकड्याकडे निव्वळ एक पूर्ण संख्या म्हणून पाहिले, तर ती कशी दिसते?

अंकांची बेरीज ३३, म्हणजे तिला ३ ने भाग जातो आणि ९ ने जात नाही. शेवटी ९ असल्यामुळे २ आणि ५ बाद. ३ ने भागल्यावर येतात ८,६१,६८३. पुढे ७, ११, १३, १७ अशा मूळ संख्या क्रमाने लावत जावे, तर बराच वेळ कशानेच निःशेष भाग जात नाही. चोपन्नाव्या मूळ संख्येपाशी, म्हणजे २५१ पाशी, भाग एकदाचा बसतो. उरते ३४३३, आणि ती स्वतःच मूळ आहे. म्हणून २५,८५,०४९ = ३ × २५१ × ३४३३.

आता समजा, मोजणीत एक बाळ जास्त नोंदले गेले असते. मग संख्या झाली असती २५,८५,०५०. तिचे अवयव २ × ५ × ५ × १३ × ४१ × ९७, सगळे शंभराच्या आतले. एका माणसाच्या फरकाने संख्येची अंतर्गत रचना पार बदलली, जिल्हा मात्र होता तसाच राहिला. दर हजार पुरुषांमागे ९१६ स्त्रिया हे याच आकड्यांतून निघणारे गुणोत्तर जिल्ह्याविषयी फार काही सांगते. २५१ आणि ३४३३ हे अवयव काहीच सांगत नाहीत. लोकसंख्येच्या आकड्याला अवयव असतात ते योगायोगाने. मोजणी दुसऱ्या दिवशी झाली असती, तर ते वेगळे निघाले असते.

याच्या अगदी उलट जातीची एक मोठी संख्या आहे. तिच्यात योगायोगाचा अंशही नाही. एका छोट्या प्रश्नाची अट पुरी करण्यासाठीच ती जन्मली, आणि तिचा एकही अंक इकडचा तिकडे करता येत नाही. ती संख्या म्हणजे १,७६,६३,१९,०४९: एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. बाराव्या शतकात ती भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात काढून दाखवली, आणि भास्कराचार्य ज्या गावचे, ते गाव म्हणजे आजचे बीड असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे.

भास्कराचार्यांनी स्वतःविषयी थोडके पण नेमके लिहून ठेवले आहे. जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये. गोत्र शांडिल्य. वडील महेश्वर, आणि तेच गुरू. गाव सह्य पर्वताच्या परिसरातले विज्जडविड. हे विज्जडविड कोणते, यावर मात्र एकमत झालेले नाही. कोणी विजापूरकडे बोट दाखवतात, कोणी चाळीसगावजवळच्या पाटण परिसराकडे, आणि कोणी बालाघाटाच्या डोंगररांगेलगतच्या बीडकडे.

पाटणच्या बाजूने दगडावर कोरलेला पुरावा आहे. तिथल्या देवीच्या मंदिरातला शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले. शिलालेखात घराण्याच्या पिढ्या दिल्या आहेत: महेश्वर, त्यांचे पुत्र भास्कर, भास्करांचे पुत्र लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव. लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारात होते, चांगदेव सिंघणाचे ज्योतिषी. लेखाचा काही भाग चक्क त्या काळच्या मराठीत आहे. पाटणात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. बाजारातल्या पैशावर गणिताची शाळा चालत होती, याचा हा आठशे वर्षांपूर्वीचा दाखला. नातवाने मठ काढला म्हणून आजोबांचा जन्म तिथलाच, असे मात्र त्यातून सिद्ध होत नाही, आणि बीडचा दावा त्यामुळेच खुला राहतो. मूळ गाव कोणतेही असो, हे घराणे यादवांच्या राज्यात, आजच्या मराठी मुलखात, पिढ्यान्‌पिढ्या गणित करत होते एवढे पक्के आहे.

आता त्या संख्येकडे.

भास्कराचार्यांचा प्रश्न शाळकरी मुलालाही कळेल इतका सोपा आहे. एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवे. अशी संख्या कोणती?

६१ च्या जागी तिचे शेजारी घेतले, तर उत्तरे चुटकीसरशी सापडतात. ६० घ्या: ४ चा वर्ग १६, त्याला ६० ने गुणले की ९६०, १ मिळवला की ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ घ्या: ८ चा वर्ग ६४, गुणाकार ३९६८, १ मिळवून ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. ६३ ला तर काही करावेच लागत नाही. १ च्या वर्गाला ६३ ने गुणून १ मिळवला की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. ५९ थोडे अडते, पण तेही ६९ ला ऐकते: तिथे उत्तर ५३० चा वर्ग येते.

मध्ये उभ्या असलेल्या ६१ ला मात्र शंभराने भागत नाही, हजाराने भागत नाही, लाखानेही नाही. ज्याचा वर्ग करायचा ती सर्वांत लहान संख्या आहे २२,६१,५३,९८०. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की जे येते, ते १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग असते. दर सेकंदाला एक या वेगाने १, २, ३, ४ अशा संख्या तपासत कोणी बसला, आणि जेवायला किंवा झोपायलाही उठला नाही, तरी उत्तरापर्यंत पोहोचायला त्याला सात वर्षांहून अधिक काळ लागेल. शंभरापर्यंतच्या सगळ्या संख्यांत याच प्रश्नाचे एवढे मोठे उत्तर दुसऱ्या कोणाचेच नाही. ९७ चे उत्तर ६,२८,०९,६३३ वर थांबते. ६१ चे त्याच्या अठ्ठावीस पट आहे.

अर्थात भास्कराचार्य एकेक संख्या तपासत बसले नव्हते. त्यांच्या हाती एक रीत होती, आणि त्या रीतीने हे उत्तर कागदाच्या एका पानावर मावते.

रीतीचा पाया ब्रह्मगुप्तांचा. इ. स. ६२८ मध्ये त्यांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला, आणि अशा प्रश्नांना वर्गप्रकृति हे नाव देऊन त्यांचा अभ्यास केला. ज्या संख्येने गुणायचे ती प्रकृति, इथे ६१. ज्याचा वर्ग करून गुणायचे ते कनिष्ठ मूळ. उत्तरात ज्याचा वर्ग येतो ते ज्येष्ठ मूळ. आणि जे मिळवायचे किंवा वजा करायचे, तो क्षेप. प्रश्नात क्षेप १ आहे. पण ब्रह्मगुप्तांच्या लक्षात आले की आधी दुसऱ्या कोणत्याही क्षेपाची उत्तरे चालतात, कारण दोन उत्तरांतून तिसरे उत्तर तयार करता येते. या कृतीला त्यांनी भावना म्हटले.

भावना अशी करायची. दोन उत्तरे शेजारी मांडा. एकाचे कनिष्ठ आणि दुसऱ्याचे ज्येष्ठ असे तिरके गुणाकार करून बेरीज घ्या. ते नवे कनिष्ठ. दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार घ्या, दोन्ही कनिष्ठांच्या गुणाकाराला प्रकृतीने गुणून त्यात मिळवा. ते नवे ज्येष्ठ. दोन्ही क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप. छोट्या उदाहरणावर पडताळा घेता येतो. प्रकृति ८ असेल, तर कनिष्ठ १ आणि ज्येष्ठ ३, कारण ८ मध्ये १ मिळवला की ९. याच उत्तराची त्याच्याशीच भावना केली, तर नवे कनिष्ठ ३ + ३ = ६, नवे ज्येष्ठ ९ + ८ = १७. तपासून पाहा: ३६ ला ८ ने गुणून २८८, आणि १ मिळवून २८९, म्हणजे १७ चा वर्ग.

भावनेला एक अडचण होती. तिच्याने क्षेपांचा गुणाकार होत जातो, म्हणून ते वाढतात. हवा असतो १. क्षेप लहान करत नेण्याची पद्धतशीर रीत हवी होती. ती रीत म्हणजे चक्रवाल. भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितज्ञाने ती मांडली होती, हे १०७३ मधल्या उदयदिवाकराच्या टीकेवरून कळते. भास्कराचार्यांनी ती ‘बीजगणिता’त स्वच्छ करून लिहिली आणि तिच्या कसोटीसाठी दोन प्रकृती निवडल्या: ६७ आणि ६१. ६७ चे उत्तर ४८,८४२ आणि ५,९६७. ६१ ची निवड अधिक धाडसी होती.

सुरुवात सगळ्यांत जवळच्या वर्गापासून. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ ने जास्त. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता एक इष्ट संख्या निवडायची. अटी दोन: तिच्यात ८ मिळवल्यावर ३ ने निःशेष भाग गेला पाहिजे, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ पाहिजे. पहिल्या अटीत १, ४, ७, १० या बसतात. ७ चा वर्ग ६१ पासून १२ ने दूर, १० चा ३९ ने. म्हणून ७. नवे कनिष्ठ (७ + ८) ÷ ३ = ५. नवा क्षेप (४९ − ६१) ÷ ३ = −४. नवे ज्येष्ठ (८ × ७ + ६१) ÷ ३ = ३९. पडताळा: ५ चा वर्ग २५, त्याला ६१ ने गुणून १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, म्हणजे ३९ चा वर्ग.

क्षेप −४ दिसला की काम बहुतेक संपले, हे ब्रह्मगुप्तांपासून माहीत होते. दोन्ही मुळे निम्मी करा: साडेएकोणीस आणि अडीच. मग क्षेप −१ होतो. मध्येच अपूर्णांक आले म्हणून थांबायचे कारण नाही. पुढे ते आपोआप जातात. या उत्तराची त्याच्याशीच भावना केली की ज्येष्ठ १५२३ चे निम्मे, कनिष्ठ १९५ चे निम्मे, आणि क्षेप १. पुन्हा पहिल्या निम्म्या उत्तराशी भावना केली की अपूर्णांक गळून पडतात: ज्येष्ठ २९,७१८, कनिष्ठ ३,८०५, क्षेप −१. उरली शेवटची भावना, याच उत्तराची त्याच्याशीच. तिने क्षेप १ होतो, आणि दोन मुळे येतात १,७६,६३,१९,०४९ आणि २२,६१,५३,९८०. एक चक्र आणि तीन भावना, एवढ्यात काम झाले.

रीत माहीत झाली की संख्येचे गुणधर्म वाचता येऊ लागतात, कारण ते तिच्या जन्मातच आहेत. पहिला आणि सर्वांत सुंदर गुणधर्म तिच्या दोन शेजाऱ्यांत दिसतो. तिच्या आधीची संख्या १,७६,६३,१९,०४८ ही २९,७१८ च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. तिच्या नंतरची १,७६,६३,१९,०५० ही ३,८०५ च्या वर्गाच्या १२२ पट आहे, म्हणजे ६१ च्या दुपटीने गुणलेला वर्ग. दुकानातल्या साध्या गणकयंत्रावर हे दोन्ही गुणाकार करून पाहता येतात. २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४. त्याची दुप्पट पाहिजे तीच. ३,८०५ चा वर्ग १,४४,७८,०२५; त्याला १२२ ने गुणले की पुन्हा पाहिजे तीच.

यातूनच संपूर्ण उत्तराचा पडताळा मोठे गुणाकार न करता होतो. कोणत्याही संख्येच्या वर्गातून १ वजा केला, तर तो तिच्या आधीच्या आणि नंतरच्या संख्यांचा गुणाकार असतो. इथे तो गुणाकार म्हणजे २ × १२२ गुणिले (२९,७१८ × ३,८०५) चा वर्ग. २ × १२२ म्हणजे ६१ × ४, आणि ४ हा २ चा वर्ग. तेव्हा सगळे मिळून ६१ गुणिले (२ × २९,७१८ × ३,८०५) चा वर्ग. कंसातला गुणाकार २२,६१,५३,९८०. प्रश्नातली अट हीच होती.

अवयवांकडे पाहिले, तर कनिष्ठ मूळ पूर्ण उलगडते: २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१. नऊ अंकी संख्या, पण सगळे मूळ अवयव हजाराच्या आत. ज्येष्ठ मुळाला ११ ने भाग जातो. एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा सारख्याच, २३ आणि २३, येतात. त्याला ५९ नेही भाग जातो, आणि मग उरतात २७,२१,६०१. दोन्ही मुळांत एकही अवयव सामाईक नाही, आणि असूही शकत नाही: असा अवयव असता तर त्याला क्षेपालाही, म्हणजे १ लाही, भागावे लागले असते. शिवाय ज्येष्ठ मुळाच्या कोणत्याही मूळ अवयवाला ८ ने भागले, तर बाकी १ किंवा ३ च उरते. ११ आणि ५९ दोघांची बाकी ३ आहे. आधीची संख्या एका वर्गाची दुप्पट आहे, या एकाच गोष्टीतून हे बंधन येते. बीडच्या लोकसंख्येच्या अवयवांवर असे कोणतेही बंधन नव्हते. तिथे कुठलीही मूळ संख्या येऊ शकली असती.

पुढचा गुणधर्म ६१ च्या वर्गमुळाचा. ६१ चे वर्गमूळ पूर्णांकात किंवा अपूर्णांकात नेमके लिहिता येत नाही. पण ज्येष्ठ मुळाला कनिष्ठ मुळाने भागले, तर ७.८१०२४९६७५९०६६५४३९ येते, आणि दशांशचिन्हापुढचे हे सतराही अंक ६१ च्या खऱ्या वर्गमुळाशी तंतोतंत जुळतात. ज्या काळी दशांश अपूर्णांक लिहिण्याची आजची पद्धत नव्हती, त्या काळात एका भागाकारात इतकी अचूकता मिळत होती.

आणि हे उत्तर एकटे नाही. त्याची त्याच्याशीच पुन्हा भावना केली, की पुढचे ज्येष्ठ मूळ येते ६२३९७६५९६५७२०५२८८०१. हे एकोणीस अंकी आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यास्थानांची नावे दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. ही अठरा स्थाने झाली. ६१ चे पहिले उत्तर अब्जाच्या स्थानावर बसते. दुसरे परार्धाच्याही पलीकडे जाते, तिथे यादीतले नाव संपते. तिसरे, चौथे, पाचवे उत्तर याहून झपाट्याने मोठे होत जाते, आणि ती मालिका कधीच थांबत नाही.

भास्कराचार्यांनंतर पाच शतकांनी हाच ६१ युरोपात अवतरला. १६५७ मध्ये फ्रान्समधल्या पिएर द फर्मा यांनी आपल्या समकालीन गणितज्ञांपुढे याच जातीचे प्रश्न ठेवले, आणि उदाहरणादाखल ६१ आणि १०९ या संख्या दिल्या. हजारो मैल दूर, बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथाशी कोणताही संबंध नसताना, फर्मांची निवड नेमकी ६१ वर पडली. याचे कारण त्या संख्येतच आहे: शंभरापर्यंत तिच्याइतकी हट्टी दुसरी संख्या नाही, आणि रीतीची खरी परीक्षा घ्यायची तर हीच घ्यावी लागते. १०९ चे ज्येष्ठ मूळ पंधरा अंकी आहे: १५८०७०६७१९८६२४९. इंग्लंडच्या विल्यम ब्राउंकर यांनी रीत शोधली, जॉन वॉलिस यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे ऑयलर यांनी चुकून जॉन पेल यांचे नाव या समीकरणाला जोडले आणि जगभरच्या पुस्तकांत ते ‘पेलचे समीकरण’ म्हणून रूढ झाले. कोणत्याही वर्गेतर प्रकृतीला उत्तर असतेच, याची सिद्धता लाग्रांज यांनी अठराव्या शतकात दिली. हेन्री कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये ‘लीलावती’ आणि ‘बीजगणिता’चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा युरोपला कळले की हे काम आधीच झाले होते.

चक्रवाल नेहमी उत्तरापर्यंत पोहोचतेच का? भास्कराचार्यांनी रीत दिली, तिची सिद्धता दिलेली नाही. ती विसाव्या शतकात, १९३० च्या सुमारास, अ. अ. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. कोणतीही प्रकृति घ्या, फेऱ्या मोजक्याच होतात आणि क्षेप १ हाती येतोच, हे त्यांनी दाखवले.

एक प्रश्न तेव्हाही उरला होता. ६१ च्या वाटेवर मध्येच क्षेप −१ चे उत्तर भेटले होते, २९,७१८ आणि ३,८०५. तिथेच काम निम्मे झाले. असे −१ चे उत्तर प्रत्येक प्रकृतीला मिळते का? नाही, हे भास्कराचार्यांना ठाऊक होते. प्रकृति ही दोन वर्गांची बेरीज नसेल, तर क्षेप −१ चा प्रश्न सुटूच शकत नाही, असे त्यांनी ‘बीजगणिता’त स्पष्ट लिहिले आहे. ६१ ही २५ आणि ३६ ची बेरीज, म्हणून तिथे वाट खुली आहे. ६७ अशी कोणत्याच दोन वर्गांची बेरीज नाही. तिथे वाट बंद.

पण अट पुरी होऊनही दार उघडत नाही, अशाही प्रकृती आहेत. ३४ ही ९ आणि २५ ची बेरीज. तरी क्षेप −१ ला तिचे एकही उत्तर नाही. मग अट पुरी करणाऱ्या प्रकृतींपैकी नेमक्या किती उघडतात? नेदरलँड्सचे पीटर स्टीव्हनहागेन यांनी १९९३ मध्ये त्याचे प्रमाण वर्तवले: ज्यांच्यात कोणताही मूळ अवयव दोनदा येत नाही अशा प्रकृती घेतल्या, तर सुमारे ५८ टक्के. ते खरे असल्याची सिद्धता पीटर कोयमन्स आणि कार्लो पगानो यांनी २०२२ मध्ये मांडली. भास्कराचार्यांनी एका ओळीत नोंदवलेल्या अटीच्या पुढचा प्रश्न सुटायला पावणेनऊशे वर्षे लागली, आणि तो सोडवणारे आजचे तरुण गणितज्ञ होते.

बीड, अंबाजोगाई, गेवराई, परळी, कुठल्याही गावातल्या शाळेत ही रीत फळ्यावर करता येण्यासारखी आहे. त्यासाठी वर्ग, गुणाकार आणि साधे अपूर्णांक एवढेच लागते. सुरुवातीला प्रकृति ५३ घ्यावी. ती ४ आणि ४९ या दोन वर्गांची बेरीज, तेव्हा −१ ची वाट खुली असण्याची आशा आहे. ७ चा वर्ग ४९, म्हणजे ५३ मधून ४ वजा. कनिष्ठ १, ज्येष्ठ ७, आणि क्षेप पहिल्याच पायरीवर −४. चक्र फिरवायची गरजही नाही. दोन्ही मुळे निम्मी करून भावना केली की ज्येष्ठ ५१ चे निम्मे आणि कनिष्ठ ७ चे निम्मे. तिथून पुढची भावना १८२ आणि २५ ला आणून सोडते, आणि शेवटची भावना ६६,२४९ ला. २५ च्या वर्गाला ५३ ने गुणले की ३३,१२५. १८२ चा वर्ग त्याच्याहून एकाने कमी. शेवटचे कनिष्ठ मूळ किती, आणि ६६,२४८ व ६६,२५० या दोन शेजाऱ्यांत कोणते वर्ग दडले आहेत, हे मुलांनी स्वतः काढून पाहावे.